मे महिन्यातलं छप्पर

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर गेलेला असतो, तेव्हा मोहर्लीच्या रस्त्यानं ताडोब्याकडे जाताना रान नीट बघावं. सागानं पानं कधीच गाळलेली असतात. कुसळी गवत वाळून पिवळं पडलेलं, खाली तांबूस मुरूम. हिरवं काय ते नाल्याकाठचं जांभूळ आणि करंज. हा रंग डोळ्यांत भरून घ्यायला मला फार वर्षं लागली. मी घरं बांधते, आणि रानाजवळचं घर रानात मिसळून जावं अशी माझी पहिल्यापासून धडपड होती. फक्त मिसळायचं कशात, ते मला कळलेलं नव्हतं.

माझं पहिलं हिरवं छप्पर जंगलाला लागून असलेल्या एका पाहुणेघराचं. स्लॅबवर माती टाकली आणि तिच्यावर विकत आणलेलं लॉन अंथरलं. पावसाळाभर ते देखणं दिसलं. फेब्रुवारीपासून टँकर सुरू झाला. एप्रिलात गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि मी छपराला पाणी पाजत होते. झारी घेऊन चढणारी बाई एक दिवस शिडीवरच थांबली आणि म्हणाली, ‘‘बाई, हे गवत उन्हाळ्यात कायले हिरवं ठेवता जी? जंगल तरी हिरवं राह्यते का?’’ त्या रात्री मला झोप लागली नाही. चहूकडे करपलेलं रान आणि मधोमध ते हिरवं चौकोनी ठिगळ. लपावं म्हणून केलेलं छप्पर कोसभरावरून ओळखू येत होतं.

त्या झारीवाल्या बाईच्या घराचं छप्पर मी नंतर बघितलं. कुडाच्या भिंती, बांबूचा सांगाडा, वर हातानं थापलेले कवेलू, म्हणजे कौलं. पावसाळ्यात कोहळ्याचा आणि दोडक्याचा वेल काठीच्या आधारानं वर चढतो आणि भाद्रपदात कवेलू दिसेनासे होतात. दिवाळीनंतर वेल वाळतो, तो ओढून काढला की छप्पर पुन्हा मातीच्या रंगाचं. या भागातलं खरं हिरवं छप्पर हेच. ते चार महिन्यांचं असतं, खायला देतं आणि ऋतू संपला की निघून जातं. आता अशी घरं कमी होत चालली आहेत. वांदरं कवेलू फोडतात, दर वर्षी पावसाआधी छप्पर फेरावं लागतं, आणि फेरणारे हात घरात उरत नाहीत. मग टिनाचे पत्रे येतात. पत्र्याखाली मे महिन्यात बसवत नाही, म्हणून लोक वर तणस पसरतात. त्यांना मी कवेलूंचं कौतुक ऐकवत नाही. दर वर्षी छपरावर चढणारी मी नाही.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथला दवाखाना बांधण्याआधी लोकांनाच विचारलं होतं की तो कसा असावा. मोठ्या इमारतीची भीती वाटते, सोबत आलेल्या नातलगांना राहायला जागा नसते, असं लोक म्हणाले. म्हणून माँ दंतेश्वरी दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा उभा राहिला. मिसळणं म्हणजे नुसतं डोळ्यांना जुळणं नाही, हे मी तिथं शिकले. तिथल्या माणसाला दारात पाऊल टाकताना बिचकायला होऊ नये, हेही त्यात येतं.

मातीचं छप्पर मराठी मुलखाला नवं नाही. मराठवाड्यात, खानदेशात धाब्याची घरं आहेतच. पण ती कमी पावसाची. गडचिरोलीच्या पावसात नुसतं धाबं टिकायचं नाही. नॉर्वेतले लोक गवताच्या ढेपांखाली भूर्जाच्या सालीचे थर घालत आणि पाणी अडवत. आपल्याकडे ते काम स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगनं करायचं, आणि त्यात कंजुषी करायची नाही. माती पडण्याआधी मी स्लॅबवर आठवडाभर पाणी कोंडून ठेवते. एकदा माती पडली की गळती शोधणं म्हणजे सगळं उपसणं.

मग वजन. ओली मुरमाड माती घनमीटरला १८०० ते २००० किलो भरते. म्हणजे १५ सेंटिमीटरचा थर चौरस मीटरमागे २७० ते ३०० किलो. माणसांच्या वावरासाठी धरलेल्या गच्चीचा हिशेब साधारण १५० किलोंचा असतो. त्यामुळे जुन्या घरावर ‘जरा माती टाकून द्या’ म्हणणाऱ्याला मी हात जोडते. नव्या घरात मातीत धानाच्या तुसाचा कोळसा मिसळते, तिचं वजन उतरतं. खाली फुटक्या कवेलूंचे तुकडे, म्हणजे पाणी पन्हळीकडे वाट काढतं. काळी माती मुळीच नको. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते.

गवत इथलंच लावते: कुसळी, पवन्या, मारवेल. ते डिसेंबरात वाळतं, आणि मी वाळू देते. लॉन काढून पाहुणेघरावरही हेच गवत लावलं, तेव्हा मालकाला हे पटवायला दोन बैठका लागल्या. छप्पर मेलं, असं त्यांना वाटत होतं. पण ओली माती बाष्प सोडून गारवा देते, तशी कोरडी माती पोटातल्या हवेमुळे ऊन खाली उतरू देत नाही. वाळलेल्या छपराचं काम चालूच असतं, फक्त रीत बदलते.

भीती आहे ती वणव्याची. फेब्रुवारीच्या मध्यापासून रानाला आगीचे दिवस लागतात. म्हणून बी झडलं की गवत कापून घ्यायचं, मुठीएवढे खुंट ठेवायचे आणि काठानं हातभर रुंद खडीचा पट्टा सोडायचा. वनखातं रानात जाळरेषा काढतं, तशी ही छपराची जाळरेषा. कापलेल्या गवताच्या पेंढ्या ती झारीवाली बाई गाईसाठी नेते. पिंपळाचं रोप दिसलं तर बोटभर असतानाच उपटायचं. पुढच्या वर्षी ते स्लॅबचं मालक होतं.

नवेगाव आणि जामणी ही गावं ताडोब्यातून उठली, त्या जागी आज कुरणं आहेत. सफारीत मी ती बघते तेव्हा माझा श्वास अडकतो. तिथं चुली होत्या, अंगणं होती, कवेलूंची छपरं होती. रानात मिसळणं इतकंही पुरं होऊ शकतं, आणि घर बांधणाऱ्या बाईला ते सहज बघवत नाही.

मृगाचा पहिला पाऊस झाला की मी पाहुणेघराच्या छपरावर चढते. कुसळीच्या बियांना लांब शेपट्या असतात. ओल लागली की त्या पीळ सोडतात, फिरू लागतात आणि बी मातीत शिरतं. खुंटांमध्ये उकिडवं बसलं की ते दिसतं. वरून झाडांचं पाणी निथळत असतं, आणि मातीवर त्या शेपट्या हळूहळू वळत असतात.