ठिणगीचा मुहूर्त

मुहूर्त केवळ लग्नमुंजीस लागतो असें नाहीं; पेट्रोलच्या यंत्रासहि तो लागतो, आणि तो टळल्यास शासन तत्काळ मिळतें. अमळनेरजवळ आमच्या धाकट्या बहिणीच्या मळ्यांत एक करडा फर्ग्युसन ट्रॅक्टर आहे. इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९४६ ते १९५६ या काळांत हे तयार होत. तिच्या यजमानांच्या पश्चात् तो गोठ्याआड पडून होता, व भंगारवाल्यानें किंमतहि सांगून ठेविली होती. "एकदां चालू झाला तर राहूं द्या, नाहीं तर नेऊं द्या," असें बहिणीनें सांगितलें, आणि भाच्यानें धुळ्याच्या एका वृद्ध मिस्त्रींस बोलाविलें.

सिलिंडरमधील दट्ट्या वायु व पेट्रोल यांचें मिश्रण दाबीत वर येतो. तो अगदीं माथ्यावर असतां ठिणगी पडावी असें आपणांस वाटेल. परंतु अग्नीसहि पसरावयास अवधि लागतो, म्हणून ती कांहीं अंश अगोदर पाडावी लागते. अमरकोशांतील कोष्टकाप्रमाणें हिशेब केल्यास निमेष म्हणजे सेकंदाचा सुमारें ६७ वा भाग. मिनिटास १२०० फेरे घेणारें यंत्र तेवढ्यांत पाव फेऱ्याहून अधिक फिरतें! अमरसिंहाचा निमेषहि येथें स्थूलच ठरतो. ठिणगी उशिरा पडली तर शक्ति वायां जाऊन यंत्र तापतें. हँडल मारतांना ती फार आधीं पडली तर हँडल उलट फिरून मनगट मोडतें. बहिणीची चिंता हीच होती.

मिस्त्रींनीं पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोंकावर भाच्यास आंगठा ठेवावयास सांगितलें, व स्वतः हँडल हळूहळू फिरविलें. दट्ट्या दोनदां वर येतो, पैकीं एकदां केवळ धूर बाहेर टाकण्यासाठीं. आंगठा आंतून जोरानें रेटला गेला म्हणजे खरी खेप ओळखावी. मग खूण जुळवून त्यांनीं पॉइंटच्या फटींत सिगारेटचा पातळ कागद धरला आणि डिस्ट्रिब्यूटर केसभर केसभर फिरविला. कागद अलगद सुटला तोच ठिणगीचा क्षण. तेथेंच स्क्रू आवळला. पुढें वेग वाढला कीं आंतील लहान वजनें ठिणगी आपोआप आणखी अगोदर आणतात. (हल्लींच्या डिझेल ट्रॅक्टरांत ठिणगी नाहींच, परंतु तेल आंत सोडण्याची वेळ तेथेंहि साधावी लागते.)

"भाऊ, हँडल वर ओढा, खालीं दाबूं नका, आंगठा बोटांच्याच बाजूला राहूं द्या," मिस्त्री म्हणाले. बहीण ओट्यावरून उठून जवळ येऊन उभी राहिली. दोन वेळां कांहींच झालें नाहीं. तिसऱ्या ओढीस यंत्र धडधडूं लागलें. मिस्त्रींस तरी समाधान नव्हतें. भार देतांच आंतून खटखट ऐकूं येते म्हणून त्यांनीं तें बंद करविलें व वेळ किंचित् मागें घेतली. भंगारवाल्यास निरोप त्याच सायंकाळीं गेला. सध्यां तो ट्रॅक्टर केळीच्या बागेंत खताची गाडी ओढतो.