तळघरातली भट्टी

तीन वेळा प्रयत्न करते आणि मग गप्प बसते. आमच्या तळघरातली गॅसची भट्टी, म्हणजे इथला फर्नेस. आधी आतला छोटा पंखा घुरघुरतो, मग पेटवणारी कांडी लालभडक होते, झडप उघडल्याचा टक् आवाज येतो, निळ्या ज्वाळा धावतात आणि आता ऊब येणार म्हणेपर्यंत चार-पाच सेकंदांत सगळं विझतं. बाहेर उणे दहा. न्यू जर्सीतला जानेवारी. मी अंगावर दोन स्वेटर आणि वर आईची शाल अशा थाटात तळघराच्या पायरीवर बसून हा खेळ पाहत होते.

"अगं, एकोणीस वर्षांची झाली ती. नवीनच बसवू," हे वरून म्हणाले. यांना कुठलीही वस्तू कुरकुरली की तिच्या पुढच्या आवृत्तीची स्वप्नं पडतात.

कंपनीचा माणूस आला. भट्टीसमोर चार मिनिटं उभा राहिला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चाळीस मिनिटं बसला. या धंद्यात एक सूत्र आहे: यंत्राचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च. गुणाकार पाच हजारांवर गेला की नवं घ्या. एकोणीस गुणिले त्याने सांगितलेले चारशे, सात हजार सहाशे. झालं! पण या हिशेबाने आमच्या भट्टीची दुरुस्ती अगदी २६४ डॉलरची असती तरी वायाच. काय बिघडलंय, हे सूत्र विचारतच नाही. मी मनातल्या मनात माझं वय आणि गेल्या वर्षीच्या दाढेचं बिल त्यात घालून पाहिलं. मलाही बदलावं लागेल.

पुण्याच्या वाड्यात आजीचा तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात कोळसे, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. तळाशी पाझरायला लागला की तो कसब्यातल्या तांबट आळीत जायचा आणि दोन दिवसांनी चकाकत परत यायचा. दुरुस्त करू की नवा घेऊ, हा प्रश्न घरात निघाल्याचं आठवत नाही. आणि निघाला असता तरी जुना बंब मोडीत घालून तांब्याचे पैसे आलेच असते. आमच्या भट्टीच्या पत्र्याला कसली मोड!

पण बंबाचं कौतुक मी जपूनच करते. बंद न्हाणीघरात त्याच्या कोळशानेही माणसं गुदमरली आहेत, आणि आता गॅस गिझरने गुदमरतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, तू हात लावू नकोस. माणूस बोलव." आता हे घ्या: घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीचं एक पेटंट २३ डिसेंबर १९१९ रोजी आमच्याच राज्यातल्या मॉरिसटाउनच्या अ‍ॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय बाईंना मिळालं. निरनिराळ्या खोल्यांना हवी तेवढी ऊब देता यावी, ही त्यांची कल्पना. मी पान्यांचा डबा काढला.

भट्टीच्या दाराच्या आत एक तक्ता चिकटवलेला असतो. दिवा किती वेळा लुकलुकला की काय बिघडलं, ते त्यात लिहिलेलं. आमचा दिवा सांगत होता: ज्वाळा दिसत नाही. ज्वाळा तर मला दिसत होती! पण भट्टी ती डोळ्यांनी पाहत नाही. ज्वाळेत बुडालेल्या एका बारीक सळईतून विजेचा प्रवाह जातो, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका नाजूक. सळईवर पुट चढलं की प्रवाह अडतो, आणि न जळलेला गॅस घरात साठायला नको म्हणून भट्टी झडप बंद करते. म्हणजे ती बिघडलेली नव्हती, सावध होती. वीज बंद केली, गॅस बंद केला, एक स्क्रू काढला, सळई बारीक तारेच्या घासणीने हलक्या हाताने पुसली. दहा मिनिटं. पेटवणाऱ्या कांडीला मात्र बोट लावलं नाही, ती काचेच्या बांगडीसारखी तडकते.

भट्टी पेटली आणि पेटलेली राहिली. यांनी वरून टाळ्या वाजवल्या, जरा नाइलाजानेच.

माझी हुशारी इथे संपते. ज्वाळेचा धूर आणि घरातली हवा यांच्यामध्ये हीट एक्स्चेंजरचा पत्रा असतो. त्याला तडा गेला तर घासणी, हौस, काटकसर काही चालत नाही. भट्टी बदलायची, तीही परवाना असलेल्या माणसाकडून. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावून तो पत्रा तपासून घेतला. धड आहे. पंख्याची मोटर मात्र थकलीय म्हणाला.

रात्री हे नव्या भट्टीचं माहितीपत्रक चाळत होते. "भागांवर दहा वर्षांची हमी आहे," म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "दहा वर्षांनी आपण या घरात असू का गं?" पुण्याचा फ्लॅट गेली सहा वर्षं कुलपात आहे. मी म्हटलं, हा हिवाळा जाऊ दे.

एक गोष्ट मात्र त्याच आठवड्यात बदलली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दुरुस्त होत नाही, त्याचं आयुष्य ठरलेलं असतं आणि तारीख त्याच्या पाठीवर छापलेली असते. आमचा तीन वर्षांपूर्वीच संपला होता. तुमच्याकडे असेल तर आज उलटा करून बघा.