सहा ट्रॉफ्या आणि एक आजी

अॅवॉर्ड शो म्हणजे तरी काय हो? चकचकीत कपडे, पाठ केलेले विनोद आणि न संपणारी आभारप्रदर्शनं. मी एरवी या भानगडीत पडत नाही. अपवाद फक्त ब्रिट अॅवॉर्ड्सचा. ब्रिटिश पॉपचा हा सोहळा पहिल्यांदा झाला १९७७ मध्ये. १९८२ पासून तो दरवर्षी होतो आणि अधूनमधून त्यात काहीतरी मस्त बिनसतं! १९९६ मध्ये मायकल जॅक्सन गात असताना पल्प बँडचा जार्व्हिस कॉकर थेट स्टेजवर घुसला. १९९८ मध्ये चुंबावाम्बा बँडच्या एका पठ्ठ्याने चक्क उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्या अंगावर बर्फाचं पाणी ओतलं. आपल्याकडे असं झालं असतं तर? जाऊ दे, विषय तो नाही.

विषय आहे रे. हो, 'अरे रे'मधला रे. लंडनच्या या गायिकेचं नावच तसं आहे.

२ मार्च २०२४ च्या रात्री लंडनच्या ओटू अरीनामध्ये तिने एकटीने सहा ब्रिट्स जिंकले. एका रात्रीतला तोवरचा विक्रम होता चारचा, ब्लर, अडेल आणि हॅरी स्टाइल्स यांच्या नावावर. मी रविवारी सकाळी चहा पीत फोनवर क्लिप्स पाहिल्या. अल्बमचं बक्षीस घ्यायला ती आजीला हाताशी धरून स्टेजवर घेऊन आली होती आणि ढसाढसा रडत होती. खोटं कशाला बोलू, माझाही चहा गार झाला.

त्या सहांपैकी एक बक्षीस होतं 'नवोदित कलाकारा'चं. आता गंमत बघा. या नवोदित मुलीने रेकॉर्ड कंपनीशी करार केला होता २०१४ मध्ये! मधल्या काळात तिने दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली, अगदी बियॉन्सेच्या गाण्यातही तिचा हात होता. स्वतःचा अल्बम मात्र निघेना. जून २०२१ मध्ये तिने ट्विटरवर जाहीर सांगून टाकलं, करार चार अल्बमचा आहे आणि मला एकही काढू देत नाहीत. काही आठवड्यांत ती कंपनीतून बाहेर पडली. २०२३ च्या जानेवारीत तिचं 'एस्केपिझम' ब्रिटनमध्ये नंबर वन झालं आणि फेब्रुवारीत स्वतंत्रपणे काढलेला पहिला अल्बम आला.

पण ही बक्षिसं देतं कोण? ब्रिट्स भरवते ती रेकॉर्ड कंपन्यांचीच संघटना. बहुतेक बक्षिसांसाठी मतं देतात ती याच धंद्यातली माणसं. म्हणजे जिला इतकी वर्षं 'थांब जरा' म्हटलं गेलं, तिच्यासाठी टाळ्या वाजवणारा हॉलही याच इंडस्ट्रीचा. टाळ्या खऱ्याच होत्या, फक्त उशिरा आल्या. या हॉलला उशिरा जाग येण्याची सवयच आहे. २०२२ मध्ये ब्रिट्सने स्त्री-पुरुष असे वेगळे विभाग बंद केले आणि २०२३ मध्ये 'आर्टिस्ट ऑफ द इयर'ची पाचही नामांकनं पुरुषांना गेली. ओरड झाल्यावर २०२४ मध्ये नामांकनं दहा केली, त्यात सहा बायका. आणि जिंकली रे.

हे सगळं मला एवढं का लागलं? कारण मी प्रेझेंटेशन्स बनवते. रात्री अकरापर्यंत बसून स्लाइड्स मी रचते, सकाळी क्लायंटसमोर उभा राहतो दुसराच कुणी. 'छान झालं हं,' असं मला लिफ्टमध्ये सांगतात, मीटिंगमध्ये नाही. आता म्हणाल, मग तूही सोड की नोकरी! अहो, घराचे हप्ते आहेत. आणि अशी भांडून बाहेर पडलेली प्रत्येक जण सहा ट्रॉफ्या घेऊन परतत नाही. जी परतली, तिचीच क्लिप आपल्यापर्यंत येते.

पण रेने नोकरी सोडण्याआधी, म्हणजे करार मोडण्याआधी, एक गोष्ट केली होती. जे चाललंय ते मोठ्याने सांगितलं होतं. तेवढं तर जमेल ना?

गेल्या महिन्यात मी प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर स्वतःचं नाव टाकून पाठवलं. उत्तर आलं, 'नाव काढ, फॉरमॅटमध्ये बसत नाही.' काढलं. पुढचं प्रेझेंटेशन गुरुवारी आहे. पुन्हा टाकणार आहे, या वेळी जरा मोठ्या फॉन्टमध्ये.