वरच्या मजल्याचं देणं

मुनिरका गावात खोली घ्यायची तर आधी दलाल, मग आगाऊ भाडं, मग घरमालकाच्या चौकशा. मी जेएनयूत इतिहासाचं एम. ए. करत होते. एका महिन्यात शिष्यवृत्ती रखडली आणि भाडं थकलं. ते वरच्या मजल्यावरच्या ताईनं भरलं. ती मूळची सांगलीकडची, पोटापाण्याला अनुवादाची कामं करायची. लहानपणी घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं होतं. दिल्लीत खोलीसाठी किती दारं तोंडावर आपटली, हे ती पिठलं घोटता घोटता हसत सांगायची.

भाडं मी पुढं फेडलं. दुसरं देणं मात्र अंगावर आहे.

15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल आला. आपली लिंगओळख आपण ठरवायची, हा तृतीयपंथीयांचा हक्क मान्य झाला. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या, त्यामुळे ताईला कोण आनंद! गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही निकालाची छापील पानं घेऊन बसलो. त्यात 1884 च्या अलाहाबाद उच्च न्यायालयातल्या एका खटल्याचा उल्लेख आहे. खैराती, कलम 377 खाली पकडलेली, अपिलात सुटलेली. हिजडा समजून पोलीस तिच्यावर नजर ठेवून होते. ती गावी आली असताना त्यांनी बोलावणं धाडलं, तेव्हा ती बाईच्या वेषात एका घरच्या बायकांमध्ये गात होती. मग सिव्हिल सर्जनची तपासणी. आणि कागदोपत्री सगळीकडे ‘तो’.

ताईनं पान पुन्हा मागं उलटलं. “सर्जनचं राहू दे गं. त्या बायकांचं बघ. परका पुरुष मध्येच येऊन बसला असता तर गाणं चाललं असतं का? त्यांनी तिला ओळखलं होतं. पोलीस आले म्हणून ती ‘तो’ झाली होय?”

वर्गात आम्ही पुराव्यांची प्रतवारी शिकत होतो. पण निकालाच्या एका ओळीत बसलेल्या त्या बायका साक्षीदार आहेत, हे ताईनं दाखवलं. खैराती स्वतःला काय म्हणवून घ्यायची, ते निकालात नाही. म्हणून मी ‘ती’ लिहिते तेव्हा कोणाच्या भरवशावर, तेही लिहिते.

हीच कसोटी ताई आपल्या सोयीच्या आड येते तिथंही लावायची. ब्रिटिश लष्करातले डॉक्टर जेम्स बॅरी. 1826 मध्ये केपटाउनला त्यांनी सिझेरियन केलं, आई आणि बाळ दोघंही वाचली. 1865 मध्ये ते वारले आणि प्रेत आवरणाऱ्या बाईनं ते स्त्री असल्याचं सांगितलं. पुढं अनेकांनी त्यांना आद्य महिला डॉक्टरांच्या रांगेत बसवलं. ताई फणकारली, “पन्नासहून जास्त वर्षं माणूस पुरुष म्हणून जगला. आपल्याला पूर्वज कमी पडतात म्हणून त्याचे कपडे उतरवायचे?” मी म्हटलं, स्त्रियांच्या इतिहासालाही नावं हवीतच ना. “हवीत की. पण शोधून आण. दुसऱ्याच्या घरातून उचलून नको.”

आता मी मुलांचे प्रबंध तपासते. कुणी शवचिकित्सेचा अहवाल पुढं करून एखाद्याची ओळख ठरवली, की समासात लिहिते : डॉक्टर काय म्हणाले ते कळलं, शेजारीपाजारी, मित्र, बायकामुलं काय म्हणत होती? मुलं कुरकुरतात, पुन्हा दप्तरं धुंडाळायला जातात. ताईच्या देण्याचं हे व्याज. मुद्दल तसंच आहे.