कार्बुरेटर शेवटी उघडावा

जुनी पेट्रोल पिकअप गचके देऊ लागली की मालक, ड्रायव्हर आणि शेजारी उभा असलेला बघ्या या तिघांचं निदान एकच असतं: कार्बुरेटरमध्ये कचरा आला. लगेच एअर क्लीनर निघतो, बाउल उघडतो, जेटमध्ये हवा मारली जाते. या घाईला माझा ठाम विरोध आहे. कार्बुरेटर हा गाडीतला सगळ्यात बदनाम भाग आहे आणि त्या मानाने बराच निर्दोषही. त्याला आधी हात लावला की खरं कारण सांगणारा पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो. गचका नेमका कोणत्या क्षणी बसतो, कशाने वाढतो आणि कशाने थांबतो, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत एकही स्क्रू सैल करू नये. ही उत्तरं गॅरेजच्या फरशीवर उभ्या गाडीकडून मिळत नाहीत, रस्त्यावर मिळतात. म्हणून निदानाची सुरुवात पाना घेऊन नव्हे, स्टिअरिंगवर बसून करावी.

त्यासाठी रस्ता हवा तर तो उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या उळवीच्या रस्त्यासारखा. जोयड्याहून कुंभारवाड्यामार्गे उळवीला जाताना चढ, वळण, उतार आणि पुन्हा चढ हा क्रम सुटत नाही. दोन्ही बाजूंना काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान, वस्ती विरळ, पावसाळा लांबलचक. संत चन्नबसवेश्वरांच्या समाधीमुळे माघातल्या जत्रेला इथे माणसांचा आणि बैलगाड्यांचा पूर लोटतो. एरवी रस्ता बराच मोकळा असतो. सपाट हमरस्त्यावर एका वेगाने चालणारी गाडी आपले दोष लपवू शकते. इथे इंजिनाला दर काही मिनिटांनी वेगळी परीक्षा द्यावी लागते: दुसऱ्या गेअरमध्ये लांब चढ, वळणावर ॲक्सलरेटर सोडणं, वळणानंतर पुन्हा दाबणं, उतारावर इंजिनाने गाडी धरून ठेवणं. यातल्या प्रत्येक परीक्षेत वेगळा भाग उघडा पडतो. गाडी म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आहे ती महिंद्राने विलीजच्या परवान्यावर साठच्या दशकात बनवायला घेतलेली एफसी १५०. २.२ लिटरचं चार सिलिंडरचं ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन, पुढच्या ॲक्सलवर बसवलेली केबिन, त्या केबिनमध्येच इंजिनाचं झाकण आणि जेमतेम ८१ इंचांचा व्हीलबेस. तिच्यात इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला लागून असतं, त्यामुळे ऐकणाऱ्या माणसाला ती सगळं सांगते. मात्र पुढचं विवेचन कार्बुरेटरच्या जिप्सीलाही तितकंच लागू पडतं.

गचक्यांची कुळं तीन: ठिणगीची, पेट्रोलची आणि खेचणाऱ्या यंत्रणेची, म्हणजे क्लचपासून मागच्या चाकापर्यंतची. तिघांचा स्वभाव वेगळा आहे. ठिणगी तुटते तेव्हा बटण बंद करून लगेच चालू केल्यासारखा तीक्ष्ण झटका बसतो, आणि मधल्या क्षणी न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन ठिणगी परतताच फटका वाजतो. पेट्रोल कमी पडतं तेव्हा इंजिन आधी दमतं, मग ढकलल्यासारखं मागे-पुढे होतं, कधी कार्बुरेटरच्या तोंडातून शिंकतं. पाय थोडा सैल केला की सावरतं. खेचणाऱ्या यंत्रणेचा गचका पाय दाबताना किंवा सोडताना एकदाच, धप्पकन बसतो आणि त्या वेळी इंजिनाचा आवाज बदलत नाही. या तिसऱ्या लक्षणाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. इंजिन एका लयीत गात असताना गाडी हिसका देत असेल, तर पेट्रोल आणि ठिणगी या दोघांनाही मोकळं सोडायला हरकत नाही. नुसतं कान देऊन संशयितांची यादी निम्म्यावर येते आणि त्यासाठी छदामही लागत नाही.

पेट्रोलचा संशय आला तर जुन्या गाडीने एक उत्तम साधन डॅशबोर्डवरच दिलेलं असतं: चोकची दांडी. गरम इंजिनावर, गचके बसत असताना, चोक थोडा ओढून पाहावा. गाडी सुधारली तर मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे किंवा दोष ठिणगीत आहे. पुढचा प्रश्न असा की लीन का? पेट्रोल कमी येतंय की हवा चोरवाटेने जास्त शिरतेय? याचंही उत्तर रस्ता देतो. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून किंवा व्हॅक्युमच्या फाटक्या नळीतून हवा शिरत असेल तर इंजिन स्लोवर सर्वांत वाईट चालतं आणि रेस वाढवली की सुधारतं, कारण मोठ्या प्रवाहात ती चोरटी हवा नगण्य ठरते. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा पडदा थकला असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा नळी आतून फुगली असेल तर उलट घडतं: स्लो सुरेख, सपाटीवर तक्रार नाही, पण लांब चढावर बाउल भरण्यापेक्षा लवकर रिकामा होतो आणि गचके सुरू होतात. ठरावीक अंतर गेल्यावरच त्रास सुरू होत असेल तर टाकीचं झाकण उघडून ऐकावं. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरळीत झाली, तर झाकणाचं भोक चिखलाने बुजलेलं आहे. इतका किरकोळ दोष सापडायच्या आधी कितीतरी कार्बुरेटर विनाकारण उघडले जातात. गचका फक्त पाय दाबण्याच्या पहिल्या क्षणी बसत असेल तर इंजिन बंद करावं, कार्बुरेटरच्या घशात पाहत ॲक्सलरेटर दाबावा. पेट्रोलची बारीक धार तत्क्षणी दिसली पाहिजे. ती दिसली नाही तरच ॲक्सलरेटर पंप दोषी. यातली एकही तपासणी कार्बुरेटर उघडून झालेली नाही.

ठिणगीच्या कुळात दोष लपायच्या जागा जास्त आहेत आणि म्हणूनच कार्बुरेटरच्या नावावर सर्वांत जास्त पापं या कुळाची जमा होतात. हरिकेनच्या पॉइंटमधलं अंतर वीस थाउ, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. फीलर गेजने ते बरोबर लावूनही डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचा बुश झिजला असेल, तर दांडा फिरताना डुलतो, अंतर दर फेरीला बदलतं आणि टायमिंग सिलिंडरगणिक वेगळं पडतं. गेज थांबलेल्या दांड्याचं माप घेतं, दोष फिरत्या दांड्यात असतो. म्हणून दांडा बोटाने बाजूला हलवून पाहायलाच हवा. ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युम ॲडव्हान्स असतो, त्यातली पॉइंटची प्लेट पाय दाबला-सोडला की थोडी सरकते. तिच्यावरची छोटी वायर आतून तुटत आली असेल तर ती त्या सरकण्यानेच सुटते आणि जोडते. वाहनाचं दुखणं पायाच्या हालचालीशी बांधलेलं दिसतं आणि सगळे पेट्रोलचा माग काढत बसतात. कॉइल आणि कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतात, थंड झाल्यावर निर्दोष होतात. एफसीच्या बंद झाकणाखाली त्यांना तापायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला बारीक तडा गेलेला असेल तर ओलसर हवेत ठिणगी तिथूनच पळते. काळोखात झाकण काढून इंजिन चालवलं की जुन्या हायटेन्शन वायरींमधून निळसर गळती डोळ्यांना दिसते.

तिसऱ्या कुळाला जोडूनच एक दोष असा आहे की त्यात इंजिनाचा आवाजही बदलतो, आणि तो स्वतःच स्वतःला वाढवतो. जीपच्या जुन्या गाड्यांत ॲक्सलरेटरचं पेडल बॉडीला बसवलेलं, तर कार्बुरेटर इंजिनावर. मध्ये सळया आणि सांधे. इंजिनाच्या माउंटिंगचं रबर मेलं की चढावर जोर येताच इंजिन एका अंगाला झुकतं. सळई ताणली जाते आणि पाय जागचा हलला नसताना थ्रॉटल उघडतो किंवा मिटतो. थ्रॉटल हलला की जोर बदलतो, जोर बदलला की इंजिन पुन्हा झुकतं. गाडी उड्या मारू लागते आणि त्या उड्यांनी ड्रायव्हरचा पायही पेडलवर नाचू लागतो. त्यातच प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस ढिले आणि डिफरन्शियलचं बॅकलॅश वाढलेलं असेल तर प्रत्येक उडीला धप्प असा आवाज जोडला जातो. अशा गाडीचा कार्बुरेटर कितीही वेळा धुतला तरी काहीही बदलणार नाही. हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, क्लच अर्धवट सोडत इंजिन किती झुकतं ते दुसऱ्या माणसाने बाजूला उभं राहून पाहिलं की प्रकरण तिथेच निकालात निघतं.

यावर अनुभवी मिस्त्री एक रास्त आक्षेप घेतील: कार्बुरेटर साफ केल्यावर गाडी सुधारलेली आम्ही नेहमी पाहतो, मग हे सगळं कशाला? सुधारते, हे खरं. पण कार्बुरेटर साफ करताना फक्त जेट साफ होत नाहीत. बाउलमधलं पाणी सांडतं, पेट्रोलची नळी काढून नव्याने बसते, तळाचं पॅकिंग बदललं जातं, मॅनिफोल्डचे नट आवळले जातात, हायटेन्शनच्या वायरी बाजूला सारून परत खोचल्या जातात, इंजिन मधल्या वेळात थंड होतं. यातल्या कोणत्या गोष्टीने गुण आला, हे सांगायला आता कुणी साक्षीदार उरलेला नसतो. दोष टाकीतल्या पाण्यात असेल तर काही दिवसांत तो परत येईल, आणि आता त्याच्यासोबत बिघडवलेलं फ्लोटचं लेव्हल किंवा ओरखडलेलं जेटही असेल. दुरुस्तीचा पुरावा म्हणून “गाडी नीट चालली” एवढं पुरेसं नाही. एकच गोष्ट बदलली, ती परत जुनी केली तेव्हा गचके परतले आणि पुन्हा बदलली तेव्हा गेले, तर मी तो पुरावा मानतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि मला तो बराचसा मान्य आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते सर्वदूर पोचलं. या पेट्रोलने कार्बुरेटरवरचा संशय खरोखर वाढवला आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते. वीस टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा. म्हणजे पेट्रोलच्या हिशेबाने कापलेलं जेट आज कित्येक टक्के लीन मिश्रण देतं. इंजेक्शनच्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो, कार्बुरेटरला ती कळतच नाही. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाण्या-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसतो. चढावर टाकी कलली की तोच थर नळीच्या तोंडाशी येऊ शकतो. जुन्या रबराचे पडदे आणि नळ्या फुगतात, टाकीत वर्षानुवर्षं साठलेला चिकट थर सुटून फिल्टरपर्यंत वाहतो. तरीही माझा युक्तिवाद इथे मोडत नाही. यातला बहुतेक उपद्रव टाकी, नळी आणि पंप यांच्यात जन्मतो. कार्बुरेटरपर्यंत पोचतो तो त्याचा परिणाम. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून काही वेळ ठेवलं की पाण्याचा थर उघड दिसतो. इंजिन थंड असताना, कॉइलची वायर काढून, पंपाची धार बाटलीत घेतली की पंपाचा दम कळतो. आणि चोक थोडा ओढल्यावर गाडी सर्व परिस्थितींत सारखीच सुधारत असेल, पंप आणि टाकी निर्दोष ठरली असतील, मॅनिफोल्ड हवा ओढत नसेल, तर कार्बुरेटर जरूर उघडावा आणि मेन जेट एक नंबर मोठं घालावं. त्या वेळी तो कचऱ्याच्या संशयावरून नव्हे, सिद्ध झालेल्या कारणाने उघडलेला असेल.

उरतो तो व्यवहाराचा प्रश्न. इतका वेळ कुणाकडे आहे, आणि एवढ्या जुन्या गाडीला डिझेल इंजिन बसवून मोकळं का होऊ नये? देशभर असंख्य पेट्रोल जीपांचं तेच झालं आणि मालकांच्या खिशाच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. पण इंजिन बदलल्याने मेलेलं माउंटिंग, ढिले क्रॉस आणि झिजलेलं डिफरन्शियल बदलत नाही. ते गचके नव्या इंजिनालाही वारशाने मिळतात. वेळेचं म्हणाल तर वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या एका सकाळीत होतात आणि त्यांना एकही सुटा भाग विकत आणावा लागत नाही. ज्या गावापासून मोठं गॅरेज दूर आहे, जिथे रानातल्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीजवळून दुसरी गाडी कधी जाईल याचा नेम नाही, तिथे अंदाजाने भाग बदलत बसणं ही सर्वांत महाग पद्धत आहे. नीट विचार करून केलेली तपासणी तिथे चैन नसते, तीच काटकसर असते.

म्हणून मी क्रम असा मानतो: आधी कान, मग चोक, मग टाकीचं झाकण आणि पंपाची धार, मग पॉइंट, दांडा, वायरी आणि माउंटिंग, आणि या सगळ्यांनी हात वर केल्यावर कार्बुरेटर. हा क्रम माझ्या हट्टाने ठरलेला नाही. पुरावा न बिघडवणाऱ्या तपासण्या आधी आणि बिघडवणाऱ्या नंतर, हे एकच तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. ही गाडी बनवणाऱ्यांनी तिच्यात ना संगणक ठेवला ना दोषाचा दिवा, पण तिचा प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसेल, हाताने हलवता येईल आणि स्वतंत्रपणे तपासता येईल असा ठेवला. तिची दुरुस्ती करणाऱ्याने या मोकळेपणाचा मान राखावा. एक वही गाडीत असावी. गचका कुठे बसला, चढावर की उतारावर, थंड असताना की तापल्यावर, टाकी किती भरली होती, एवढं ड्रायव्हरने त्याच दिवशी लिहून ठेवावं. मिस्त्रीकडे गाडीसोबत ती वही पोचली, तर निम्मं निदान तिथेच झालेलं असतं.