स्क्रिप्टचं लक्ष कोणत्या विंडोवर?

वेबसाइट तपासणारी ऑटोमेशन स्क्रिप्ट एका पानावर सहसा अडखळत नाही. फॉर्म भरायचा, बटण दाबायचं, आलेला मजकूर ताडून पाहायचा, एवढं तिला नीट जमतं. तिची खरी परीक्षा दुसरी विंडो उघडल्यावर सुरू होते. तिकिटाचं आरक्षण घ्या. आसन निवडून 'पैसे भरा' दाबलं की बँकेचं पान वेगळ्या विंडोत उघडतं. ओटीपी घातला, पैसे गेले, की ती विंडो मिटते आणि पावतीची पीडीएफ तिसऱ्या टॅबमध्ये येते. आपण नजर वळवतो आणि पुढे जातो. स्क्रिप्ट मात्र पहिल्याच पानावर ओटीपीची चौकट शोधत राहते. ठरलेली मुदत संपते आणि अहवालात 'घटक सापडला नाही' असा शेरा येतो. चौकट पडद्यावर होती, पण स्क्रिप्टचं लक्ष पहिल्याच विंडोवर होतं.

मी पुण्यात वेब टेस्टिंगचं काम करते. या कामात मला सर्वांत जास्त शिकवलं ते याच जागेने. विंडो बदलण्याची आज्ञा एका ओळीची असते. ती बरोबर लिहायची तर आपण या क्षणी कुठे आहोत, हे स्क्रिप्टला ठाऊक असावं लागतं आणि काही करण्याआधी त्याची खातरजमाही करावी लागते. ही शिस्त पाळली की आणखी एक गोष्ट कळते: स्क्रिप्ट जिथे हरवते, तिथे बहुतेक वेळा माणसंही हरवत असतात.

आतून आणि बाहेरून

या अडचणीचं मूळ साधनांच्या जडणघडणीत आहे. जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये शिकागोच्या थॉटवर्क्स या कंपनीत असताना सेलेनियम या ऑटोमेशन साधनाची सुरुवात केली. तेव्हाचं सेलेनियम म्हणजे ब्राउझरच्या आतच चालणारी जावास्क्रिप्ट होती. त्यामुळे ब्राउझरचा सुरक्षेचा नियम तिलाही लागू होता: एका संकेतस्थळाच्या पानाने दुसऱ्या संकेतस्थळाच्या पानात हात घालायचा नाही. मग तिकिटाच्या पानावरून बँकेच्या विंडोत शिरणार कसं? पुढे सायमन स्ट्युअर्ट यांनी वेबड्रायव्हर लिहिला. त्याने ब्राउझर बाहेरून चालवायला घेतला. दोन्ही प्रकल्प एकत्र झाले, २०११ मध्ये सेलेनियम २ आलं आणि जून २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने वेबड्रायव्हरला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. स्क्रिप्ट बाहेर आल्यामुळे सगळ्या विंडो तिच्या आवाक्यात आल्या. पण कोणती आज्ञा कोणत्या विंडोसाठी, हे सांगण्याची जबाबदारीही लिहिणाऱ्यावर आली.

वेबड्रायव्हरच्या लेखी टॅब आणि विंडो यांत फरक नाही. प्रत्येकीला तो एक हँडल देतो. दुकानाबाहेर पिशवी ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तसं हे हँडल. त्या अक्षर-अंकांच्या माळेवरून आत काय आहे ते कळत नाही, पण दाखवलं की नेमकी तीच विंडो मिळते. स्क्रिप्ट उघड्या विंडोंच्या सगळ्या हँडलांची यादी मागू शकते आणि त्यातलं एक देऊन 'आता इथे वळ' असं सांगू शकते.

मानकातल्या दोन बारकाव्यांकडे मात्र अनेकांचं दुर्लक्ष होतं. पहिला असा, की ही यादी कोणत्या क्रमाने मिळेल याची हमी नाही. यादीतलं शेवटचं हँडल म्हणजे नवी विंडो, असं धरून लिहिलेली स्क्रिप्ट महिनोन्‌महिने चालेलही, पण ब्राउझरच्या एखाद्या नव्या आवृत्तीत ती चुकीच्या पानावर टाइप करू लागली तर दोष ब्राउझरचा नसतो. दुसरा असा, की स्क्रिप्टने विंडो बदलली तरी संगणकाच्या पडद्यावरचा फोकस बदलणं अपेक्षित नाही. म्हणजे तुम्हाला समोर एक विंडो दिसत असते आणि स्क्रिप्ट दुसऱ्याच विंडोत काम करत असते. उलटही घडतं: नवी विंडो डोळ्यांसमोर उघडते, पण 'वळ' म्हणेपर्यंत स्क्रिप्टचं लक्ष जुन्याच विंडोवर राहतं.

वळण्याची रीत

म्हणून मी नव्या सहकाऱ्यांना एकच रीत शिकवते. बटण दाबण्याआधी उघड्या विंडोंची यादी टिपून ठेवायची. बटण दाबायचं. विंडोंची संख्या एकने वाढेपर्यंत थांबायचं. मग नवी यादी घेऊन जुनी त्यातून वजा करायची. उरतं ते नवं हँडल. तिथे वळल्यावरही लगेच कामाला लागायचं नाही. नवी विंडो अनेकदा आधी कोरी उघडते आणि खरं पान मागाहून येतं. पत्ता, शीर्षक किंवा त्या पानावरच असणारी एखादी खूण दिसली, की मगच पहिलं अक्षर टाइप करायचं.

इथे 'पाच सेकंद झोप' अशी ओळ घालण्याचा मोह होतो. आपल्या लॅपटॉपवर ती चालते. रात्रीच्या रनमध्ये सर्व्हरवर ताण असला की पाच सेकंद अपुरे पडतात आणि इतर वेळी ते वाया जातात. अशी टेस्ट कधी पास होते, कधी फेल. तिला आम्ही फ्लेकी म्हणतो. फ्लेकी टेस्ट वाढल्या की टीम लाल निकालाकडे पाहायचं सोडते आणि मग खरा दोषही त्यातून निसटतो. किती वेळ थांबायचं ते घड्याळावर न ठेवता घटनेवर ठेवावं.

परतीचा प्रवासही लिहावा लागतो. बँकेची विंडो बंद झाली म्हणून स्क्रिप्ट आपोआप तिकिटाच्या पानावर येत नाही. तिचं लक्ष त्या मिटलेल्या विंडोवरच असतं आणि पुढच्या आज्ञेला 'अशी विंडो नाही' असं उत्तर येतं. मूळ हँडल जपून ठेवायचं ते यासाठी. परत आल्यावर त्या पानावर काय दिसतं हे तपासणं हाच या टेस्टचा गाभा आहे. पैसे गेलेत, पण पहिली विंडो अजून 'भरणा बाकी' म्हणत असेल, तर ग्राहक दुसऱ्यांदा पैसे भरेल. हा दोष एकेक पान सुटं तपासून कधीच सापडत नाही. तो दोन विंडोंच्या मधल्या जागेत असतो.

त्या मधल्या जागेचे काही नियमही काळाबरोबर बदलले. नव्या टॅबमध्ये उघडलेलं पान पूर्वी आपल्याला उघडणाऱ्या पानापर्यंत पोहोचू शकत असे. काही संकेतस्थळं त्याचा उपयोग करून पहिलं पान ताजं करत. पण लबाड पानांना त्याच वाटेने मागचं पान गुपचूप बदलून तिथे खोटं लॉगिन मांडता येई. म्हणून ब्राउझरांनी नव्या टॅबच्या साध्या लिंकसाठी ही वाट मुळातच बंद केली. क्रोममध्ये हा बदल २०२१ च्या सुरुवातीला आला. जुन्या वाटेवर विसंबलेल्या पानांना निरोप पोहोचवण्याची दुसरी सोय करावी लागली. विंडो बदलून परत येणाऱ्या टेस्ट ज्यांच्याकडे असतात, त्यांना असा बदल ग्राहकाच्या तक्रारीआधी कळतो.

मागे पडलेला टॅबही बदलतो. झाकलेल्या टॅबमधली कामं ब्राउझर मुद्दाम मंद करतो, त्याने बॅटरी वाचते. बराच वेळ मागे राहिलेल्या टॅबमधले टायमर क्रोम काही परिस्थितींत मिनिटातून एकदाच चालवतो. आता ओटीपी पाहायला ईमेलच्या टॅबवर गेलेल्या माणसाचा विचार करा. तो परत येतो तेव्हा आरक्षणाच्या पानावरचं उलटं मोजणारं घड्याळ खरी वेळ दाखवतं का? टायमरच्या ठोक्यांवर विसंबलेलं घड्याळ मागे पडतं. परतल्यावर संगणकाची वेळ पाहून हिशोब करणारं बरोबर राहतं.

कुकींचाही विसर पडू नये. त्यांच्यामुळे एकाच सत्रातल्या सगळ्या विंडोंमध्ये लॉगिन सामाईक असतं. एका टॅबमध्ये ग्राहक आणि दुसऱ्यात व्यवस्थापक अशी टेस्ट लिहिली, तर दुसरं लॉगिन पहिल्याला पुसून टाकतं. दोन माणसं हवी असतील तर दोन सत्रं उघडावीत. मायक्रोसॉफ्टचं २०२० मध्ये आलेलं प्लेराइट हे साधन एकाच ब्राउझरमध्ये असे वेगवेगळे कप्पे करून देतं. पॉपअप उघडला ही घटनाही ते स्क्रिप्टला कळवतं. मात्र बटण दाबण्याच्या आधीच कान लावून ठेवावा लागतो.

सोपी टेस्ट की खरी टेस्ट

सायप्रेस हे लोकप्रिय साधन ब्राउझरच्या आत चालतं आणि एका वेळी अनेक टॅब हाताळत नाही. तिथे एक प्रचलित तोडगा आहे: लिंक नव्या टॅबमध्ये उघडावी ही सूचनाच पानातून काढून टाकायची, म्हणजे सगळं एकाच विंडोत घडतं. लिंकचा पत्ता बरोबर आहे का एवढंच पाहायचं असेल, तर हे पुरेसं आहे. पण पैशांच्या व्यवहारात मी हा तोडगा स्वीकारत नाही. ग्राहकाच्या वाट्याला दुसरी विंडो येणारच असेल, तर ती काढून टाकलेली टेस्ट त्याच्या अनुभवाबद्दल काही सांगत नाही.

हा अनुभव सगळ्यांचा सारखा नसतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला एका नजरेत पडदा दिसत नाही. आपण नव्या विंडोत आलोय हे तिला सांगितलं नाही, तर ती मागे जाण्याची कळ दाबत राहते आणि काही होत नाही, कारण नव्या विंडोला मागचं पानच नसतं. नवखे वापरकर्तेही इथेच गोंधळतात. डब्ल्यूथ्रीसीच्या सुलभतेच्या मार्गदर्शनात नवी विंडो उघडण्याआधी पूर्वसूचना द्यावी असं सांगितलं आहे, ते याचसाठी.

म्हणून विंडोच्या टेस्टमध्ये स्क्रिप्ट अडकली, की मी आधी स्क्रिप्ट दुरुस्त करते आणि मग संकेतस्थळ घडवणाऱ्यांना तीन प्रश्न विचारते. ही दुसरी विंडो खरंच लागते का? लागत असेल तर ती उघडणार हे आधी सांगितलं आहे का? आणि ती बंद झाल्यावर पहिली विंडो खरं बोलते का? या तीन प्रश्नांची उत्तरं नीट आली तर टेस्ट छोटी होते, फ्लेकी राहत नाही आणि तिकीट काढणाऱ्याला आपले पैसे कुठे गेले हे कुणाला विचारत बसावं लागत नाही.