आमची विजेची मोटार

“सर, नवी गाडी केव्हां घेणार?” हा प्रश्न गेल्या वर्षभरांत आम्हांस जितक्या वेळां विचारण्यांत आला, तितक्या वेळां धड्यावरचा एखादा प्रश्न विचारण्यांत आला असता, तर आमच्या विषयाचा निकाल याहून बरा लागता. विचारणारे बहुतेक नववी-दहावीचे विद्यार्थी. कोणती मोटार किती सेकंदांत शंभराचा वेग घेते हें त्यांना तोंडपाठ असतें; ओहमचा नियम मात्र दर परीक्षेस नव्यानें शिकवावा लागतो. कांहीं पालकहि फाटकाशीं थांबून हेंच विचारतात. तेव्हां एकदांच काय तें सविस्तर सांगावें, म्हणून हा लेख.

2021 सालच्या दसऱ्यास ही मोटार आमच्या दारांत आली, तेव्हां वणींत ती नवलाची होती. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं तिच्याभोंवतीं दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलें, “आवाज तर येत नाहीं; चालू कीं बंद, हें ओळखावें कसें?” वस्तुतः विजेची मोटार हें कालचें खूळ नव्हे. मोटारींत बसून ताशीं शंभर किलोमीटरांचा वेग प्रथम ओलांडला तो जेनात्सी नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें, 1899 सालीं, आणि ती मोटार विजेचीच होती. पुढें पेट्रोलच्या गाड्यांनीं विजेच्या गाड्यांस मागें टाकलें. त्यांना पुनः बरे दिवस आले ते लिथियमच्या बॅटरीमुळें. त्या बॅटरीचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस 2019 चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें अशी अपेक्षा आहे.

या बॅटरीस उष्णता मानवत नाहीं. आणि आपल्या वणीचा उन्हाळा कसा असतो, हें आम्हीं वणीकरांस काय सांगावें! मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या पुढें जातो, निर्गुडेच्या पात्रांत पाण्यापेक्षां दगडच अधिक दिसूं लागतात, आणि शाळेच्या पत्र्याखालीं उभी केलेली मोटार तव्यासारखी तापते. असे चार उन्हाळे काढल्यावर बॅटरीची शक्ति किती उरली, हें आम्हीं वर्गांतल्या मुलांकडूनच काढून घेतलें. गाडी भरण्यासाठीं घरीं निराळें मीटर बसविलेलें आहे. गाडी नवी असतांना 10 टक्क्यांपासून 100 टक्क्यांपर्यंत भरण्यास त्या मीटरवर 30 युनिटें पडत. आतां साडेपंचवीस पडतात. मुलांनीं भागाकार केला: 0.85. म्हणजे शंभरांतील पंधरा भाग शक्ति गेली. हा गाडीचा दोष नव्हे, वय आहे. उन्हाळ्यांत थंड हवेचें यंत्र चालवीत हमरस्त्यानें गेल्यास एका युनिटांत ती सहा किलोमीटर जाते. पूर्वी 180 किलोमीटर जाई, आतां 153 जाते. एका मुलानें लागलीच सांगितलें, “सर, म्हणजे नागपूरला पोंचाल, पण परत नाहीं येणार.”

त्या मुलाचें गणित बरोबर होतें, आणि आमची सारी अडचण त्या एका वाक्यांत होती. वणीहून वरोडा, जाम, बुटीबोरी या मार्गानें नागपूर सुमारें 130 किलोमीटर आहे. गेल्या वर्षाच्या आरंभीं आमच्या मातोश्रींस दुखणें लागलें आणि दर तीन आठवड्यांनीं त्यांस नागपूरच्या रुग्णालयांत नेणें प्राप्त झालें. सकाळीं जावयाचें, दिवसभर उपचार व्हावयाचे, संध्याकाळीं परत यावयाचें. परतीसाठीं नागपुरांतील एखाद्या चार्जिंगच्या ठिकाणीं गाडी भरून घ्यावी लागे, व तेवढा वेळ थकलेल्या मातोश्री गाडींतच बसून राहत.

2025 च्या मे महिन्यांतील एका फेरीस लग्नसराईमुळें त्या ठिकाणीं गाड्यांची रांग लागली होती. मातोश्रींस बसवेना, म्हणून सत्तर टक्क्यांवरच आम्हीं गाडी सोडविली व उरलेलें जामच्या आसपास भरूं असें ठरविलें. तेथें पोंचलों, तों यंत्राचा पडदा काळा! त्यावर लिहिलेल्या क्रमांकास फोन केला. कोणी उचलला नाहीं. थंड हवा बंद केली, कांचा उघडल्या, वेग चाळिसावर आणला आणि पुढें निघालों. वरोड्याच्या अलीकडे आंकडा नऊ टक्क्यांवर आला, तेव्हां रस्त्याकडेला एका शेतकऱ्याचें घर पाहून थांबलों.

त्या सद्गृहस्थानें कांहीं एक न विचारतां ओसरींतील मोठा प्लग दाखविला. मातोश्रींसाठीं अंगणांत खाट टाकली. आम्हीं वायर लावली, तर चार्जरवर तांबडा दिवा. वीज जमिनींत उतरण्याची सोय नीट नसली, तर हा चार्जर काम करण्याचें नाकारतो. भौतिकशास्त्र शिकविणारे आम्ही नुसते उभे राहिलों. शेतकरी म्हणाला, “अर्थिंग वाळलं असन, सर. उन्हाळ्यात खड्ड्यात पानी टाका लागते.” आणि त्यानें घरामागच्या खड्ड्यांत दोन बादल्या पाणी ओतलें. उन्हाळ्यांत त्या पाण्यासाठीं घरच्या माणसांस किती लांब जावें लागतें हें आम्हीं विचारलें नाहीं. दारांतले रिकामे हंडे मात्र दिसत होते. थोड्या वेळानें दिवा हिरवा झाला.

अशा प्लगांतून तासाला जेमतेम तीन युनिटें येतात. आम्ही अडीच तास तेथें बसलों. मातोश्री खाटेवर पडल्या पडल्या आकाशाकडे पाहत होत्या. मध्येंच म्हणाल्या, “एवढा वेळ नागपुरांत थांबलों असतों, तर बरें झालें असतें.” आम्हीं उत्तर दिलें नाहीं. निघतांना पैसे देऊं केले. त्या गृहस्थानें हात जोडले.

दुसऱ्या दिवशीं सौ.नीं घरांत ठराव मांडला: गाडी बदलावी. आमचेंहि मत तेंच होतें, किंबहुना आम्हांस त्या ठरावाची वाटच होती. गेल्या पांच वर्षांत या मोटारी फार पुढें गेल्या आहेत. टाटांची नेक्सॉन 2020 च्या जानेवारींत विजेवर आली तेव्हां तिची बॅटरी 30.2 युनिटांची होती. 2024 च्या सप्टेंबरांत तिच्यांतच 45 युनिटांची बॅटरी मिळूं लागली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत महिंद्र कंपनीनें 59 व 79 युनिटांच्या बॅटऱ्या असलेल्या दोन नव्या मोटारी दाखविल्या. कंपन्या जाहिरातींत जे किलोमीटर देतात, ते आपल्या रस्त्यावर व आपल्या उन्हांत मिळत नाहींत, ही गोष्ट खरी. तरी 59 युनिटांची गाडी नागपुरास जाऊन कोठेंहि न थांबतां परत येईल, एवढें आमचें गणित सांगत होतें. कोठेंहि न थांबतां! हे शब्द आम्हांस फार गोड लागत.

शोरूममध्यें गेलों. तेथील तरुण गृहस्थ अत्यंत विनयशील होते. त्यांनीं चहा दिला आणि आमच्या जुन्या गाडीचे सहा लाख सांगितले. नवी सर्व खर्च धरून वीस लाखांच्या घरांत. फरक 14 लाख. दरसाल दरशेंकडा 9, मुदत 5 वर्षें, हप्ता सुमारें 29,000 रुपये. (दहावीच्या मुलांनीं हें गणित करून पाहावें.) मुलगी पुढील वर्षीं बारावी होऊन बाहेरगांवीं शिकावयास जाणार. तिच्या वसतिगृहाचा खर्च आणि हा हप्ता एकाच पगारांतून निघणें कठीण. पण माणसाच्या मनानें एकदां घेतलें म्हणजे कठीण तें अवघड वाटतें आणि अवघड तें साध्य.

घरीं येऊन आम्हीं एक वही घेतली व गेल्या वर्षांतील सर्व प्रवास मांडला. शाळा, बाजार, महिन्यांतून एखादी चंद्रपूरची फेरी. या सर्वांस जुनी गाडी पुरून उरत होती. नवीची गरज होती ती केवळ नागपूरसाठीं, वर्षांतून सतरा वेळां. सतरा फेऱ्यांसाठीं 14 लाख हा आंकडा वहींत लिहिल्यावर आम्हांस घाम फुटला. बॅटरीची हमीहि संपली नव्हती. बहुतेक कंपन्या आठ वर्षें किंवा 1,60,000 किलोमीटर यांची देतात.

तेव्हां आम्हीं दुसऱ्या टोकास जाऊन एक उदात्त विचार पुढें केला. आपली वणी कोळशाची. भोंवतीं वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, रस्त्यानें कोळशाचे ट्रक, आणि सकाळीं मोटारीच्या कांचेवर बोटानें नांव लिहितां येईल एवढी काळी धूळ. शेजारीं चंद्रपुरास 2920 मेगावॅटचें औष्णिक केंद्र. आमच्या गाडीस धूर नाहीं हें खरें, पण नागपूरच्या एका फेरीच्या विजेसाठीं कोठें तरी तीस-पस्तीस किलो कोळसा जळतो. नवी बॅटरी बनविण्यास आणखी कोळसा, आणखी धातू. मग चालती गाडी टाकून नवी घ्यावी हें पृथ्वीवर अन्याय करणें नव्हे काय? हें आम्हीं जेवतांना जरा गंभीर स्वरांत सांगितलें.

मुलगी म्हणाली, “पण बाबा, आपण विकली म्हणून ती मोडींत थोडीच जाणार आहे? दुसरें कोणी चालवील. कदाचित् पेट्रोलची गाडी घेणारा हीच घेईल. तें वाईट कसें?”

आम्हांजवळ उत्तर नव्हतें. घांस गिळून गप्प राहिलों. तेव्हां तिनेंच पुढचा प्रश्न केला, आणि तो अगदीं साधेपणानें केला: “आजी रुग्णालयांत असते तेव्हां गाडी दिवसभर उभीच असते ना? मग काकांच्या घरीं प्लगला कां नाहीं लावीत?”

सौ.नीं ताटाकडे पाहिलें. मातोश्रींनीं पाण्याचा पेला उचलला व न पितां खालीं ठेवला.

आतां येथें जें लिहिणार आहों तें वार्षिकांत शोभेल कीं नाहीं, याविषयीं आम्ही बरेच दिवस साशंक होतों. आमचे कनिष्ठ बंधु नागपुरास राहतात. त्यांचें घर रुग्णालयापासून पंधरा मिनिटांवर आहे. वडिलांच्या पश्चात् 2019 सालीं शेताची वाटणी झाली, तींत विहीर आमच्या बाजूस आली. त्या उन्हाळ्यांत धाकट्यानें आमच्या विहिरीवरून आपल्या संत्र्यांस नळी टाकूं देण्याविषयीं विचारलें. पाणी अगदींच नव्हतें असें नाहीं. आम्हीं नाहीं म्हटलें. संत्र्यांचीं झाडें वाळलीं, त्यानें जमीन विकली व तो नागपुरास गेला. पुढें सणावारीं फोन तेवढे होत, तेहि मातोश्रींशीं. मातोश्री दर तीन आठवड्यांनीं नागपुरास जात. धाकटा रुग्णालयांत येऊन भेटून जाई, तेव्हां आम्ही औषधें आणावयाच्या निमित्तानें खालीं उतरत असूं. त्याच्या घरीं त्यांचा पाय एकदांहि लागला नव्हता.

59 युनिटांची बॅटरी आम्हांस कशासाठीं हवी होती, हें त्या रात्रीं आमचें आम्हांस कळलें. गाडीस पल्ला हवा होता तो रस्त्याचा नव्हे. धाकट्याच्या दारावरून न थांबतां परत येण्याचा. आणि तेवढ्यासाठीं आम्ही मुलीच्या शिक्षणाच्या पैशांतून दरमहा 29,000 देण्यास सिद्ध झालों होतों.

फोन करण्यास आम्हीं आणखी नऊ दिवस घेतले. काय बोलावें हें कागदावर लिहून काढलें होतें. प्रत्यक्षांत त्यांतील एक वाक्यहि उपयोगीं पडलें नाहीं. “गाडी लावावयास एक प्लग पाहिजे होता,” एवढेंच बोललों. पलीकडे क्षणभर शांतता. मग धाकट्यानें विचारलें, “किती अँपिअरचा लागतो, दादा?” पंधराचा, असें सांगितलें. “खालच्या पार्किंगमध्यें आहे. अर्थिंग पाहून ठेवतो.” विहिरीचा विषय आम्हीं काढला, त्यानें तो पुढें जाऊं दिला नाहीं, आणि आम्हीहि, खरें सांगावयाचें तर, धरून बसलों नाहीं. तें बोलणें अजून राहिलेंच आहे.

पुढच्या फेरीस मातोश्रींनीं पिशवींत एकाऐवजीं दोन लुगडीं घेतलीं. उपचार संपले, पण त्या दिवशीं आम्ही परत आलों नाहीं. गाडी रात्रभर खालीं प्लगला होती. सकाळीं पाहतों तों आंकडा शंभरावर, आणि धाकट्याचा मुलगा खडूनें भिंतीवर मीटरचे आंकडे लिहून वजाबाकी करीत बसलेला. त्याची हातच्याची चूक होती, ती आम्हीं दाखविली. युनिटांचे पैसे देऊं केले, तेव्हां बंधूंच्या पत्नी म्हणाल्या, “भाऊजी, चहा निवतो आहे.”

शोरूमचे ते तरुण गृहस्थ अजूनहि फोन करतात. नव्या गाड्यांविषयीं ते उत्साहानें सांगतात, आम्हीहि उत्साहानें ऐकतों. त्यांस आम्हीं कळविलें आहे कीं, मुलीचें शिक्षण व्हावयाचें आहे, आणि बॅटरी सत्तर टक्क्यांवर येईपर्यंत तरी आमचा विचार नाहीं. या महिन्यांत ती 84 टक्के भरली. पुढची फेरी सोमवारीं आहे. भिंतीवरच्या वजाबाक्या आतां दोन रांगा झाल्या आहेत.